उसवलेले अकरा सेंटीमीटर

ओसोयनिक, ६ फेब्रुवारी १९९६

ती. लादोमामांना पोलोनाचा नमस्कार,

हे पत्र लेसशाळेच्या कार्यवाहांना लिहू की आईच्या चुलतभावाला, या विचारात सकाळ गेली. शेवटी दोघांना मिळून एकच पाकीट पुरेल असं ठरवलं.

मामा, मी अभ्यासक्रम सोडतेय. शनिवारी डॉक्टरबाईंनी तपासलं. मला सातवा महिना लागलाय आणि बाळाला आत्ताच बाहेर यायची घाई झालीय. बाई म्हणाल्या, "डाव्या कुशीवर पडून राहायचं. उठायचं ते फक्त संडासाला."

मी विचारलं, "आणि लेस?"

"पडून करता येते?"

"नाही."

"मग नाही."

इतकंच बोलणं झालं. गाश्पर बाहेर बाकावर बसला होता. त्याला सांगितलं तर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "गाडी दारापर्यंत आणतो." माझा नवरा घाबरला की गाडीबद्दल बोलतो.

आता अर्जाचं. त्यावर दोन चौकोन आहेत, वैद्यकीय कारण आणि कौटुंबिक कारण. खाली लिहिलंय, एकावरच खूण करावी. माझं कारण माझ्या पोटात आहे, म्हणजे वैद्यकीय. तेच कारण थोड्या दिवसांनी आमच्या घरी राहायला येणार, म्हणजे कौटुंबिक. काय करू?

थट्टा करतेय, पण रडू येतंय. आमच्या गावच्या शाळेतल्या लेसच्या बाई पुढच्या जूनमध्ये निवृत्त होताहेत. त्यांच्यानंतर तुमच्या लेसशाळेचं प्रमाणपत्रवालं कुणी मिळालं नाही तर लेसचा वर्ग बंद. चौदा मुलं आहेत, त्यात पाच मुलगे. माझी परीक्षेची लेस तीस सेंटीमीटरची, एकोणीस झालीय. ती तशीच विणायच्या लोडावर टाचलेली आहे. तिचं काय करायचं तेही कळवा.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. आमचं दोघींचं पटत नाही असं नाही मामा, पटायला आधी बोलावं लागतं.

तुमची,
पोलोना


लेसशाळा, १२ फेब्रुवारी

चि. पोलोनास आशीर्वाद,

पत्र पावले. कार्यवाहांनी ते वाचून आवक वहीत नोंदवले, मामांनी ते घरी नेऊन पुन्हा वाचले. तुझ्या आल्मामामीने तिसऱ्यांदा वाचले आणि ती आता लोकरीचे काहीतरी विणते आहे. मोज्यांचा आकार पाहता ते बाळासाठी असावेत, अथवा मांजरासाठी.

चौकोनांचा प्रश्न गहन आहे. तो अर्ज अठरा वर्षांपूर्वी ज्या गृहस्थाने तयार केला, त्याला बाळंतपणाचा अनुभव नव्हता हे उघड दिसते. तो गृहस्थ मीच, आणि अनुभव अद्यापही नाही. तू दोन्ही चौकोनांवर खूण कर. कोणी आक्षेप घेतलाच तर शास्त्रार्थ करायला मी समर्थ आहे.

आता जरा गंभीर होऊन ऐक. नियम सातवा असा: सबळ कारणाने अभ्यासक्रम मध्येच सोडणाऱ्या विद्यार्थ्याची जागा पुढील फेब्रुवारीपर्यंत राखून ठेवता येते आणि त्याला सोडल्या ठिकाणापासून पुढे शिकता येते. मात्र त्याची परीक्षेची लेस आहे त्या स्थितीत, लोडासकट, शाळेत जमा व्हायला हवी. तिला दुसऱ्या कोणाचाही हात लागता कामा नये. तो लागला असे दिसल्यास जागा जाते, आणि मग नव्याने अर्ज. तू जूनमध्ये पस्तीस वर्षांची होशील, आणि नवा अर्ज पस्तिशीच्या आतच करता येतो. हा नियम मी केलेला नाही. मी असे क्रूर नियम करत नाही, मी फक्त चौकोन करतो.

तेव्हा लोड जपून पाठव. लेस दुमडायची नाही, टाचणी काढायची नाही, धागे गुंडाळलेली बॉबिन गुंतू द्यायची नाहीत, गाश्परला कापडात बांधून आण म्हणावे. आणि तू पडून राहा. पडून राहणे हाही एक अभ्यासक्रमच समज, यात गैरहजेरी चालत नाही.

तुझा,
लादोमामा


ओसोयनिक, ५ मार्च

ती. लादोमामा,

उत्तराला उशीर झाला. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मला रुग्णालयात न्यावं लागलं, ते सोळा दिवस ठेवूनच घेतलं. आता घरी आहे आणि बाळ अजून आत आहे. त्याने माझं ऐकलं की डॉक्टरांचं, देव जाणे.

शुक्रवारी गाश्पर लोड घेऊन येईल. मी कापड उचलून पाहिलं नाहीये. पाहिलं तर उठून बसेन, मला स्वतःची खात्री नाही. सासूबाईंनी ते चारी बाजूंनी असं घट्ट बांधलंय की पावाचं पीठ फुगायला ठेवलंय असं वाटतं. म्हणाल्या, "आहे तसं जाऊ दे, उघडू नकोस."

मामा, एक नवल सांगू? सासूबाई बदलल्यात. मी परत आले त्या दिवशी बटाट्याचं सारण भरलेले झ्लिक्रोफी केले होते, माझ्या आवडीचे, त्यांच्या नाही. पलंगाशी उभ्या राहून म्हणाल्या, "खा. आणि काळजी करू नकोस, सगळं झालंय." काय झालंय ते विचारायचं मला सुचलं नाही. नऊ वर्षांत त्या माझ्याशी इतकं लांब वाक्य पहिल्यांदाच बोलल्या असतील.

तुम्ही माझ्यासाठी नियम शोधून काढलात, दोन्ही चौकोन मान्य केलेत, मामींनी मोजे पाठवले. (मांजराला होत नाहीत, गाश्परने घालून पाहिले.) या सगळ्याचे आभार कसे मानायचे ते कळत नाही, म्हणून नुसतेच मानते.

तुमची,
पोलोना


लेसशाळा, ११ मार्च

चि. पोलोना,

हे पत्र लिहायला मी तीन कागद फाडले. चौथा फाडायचा नाही असे ठरवले आहे.

शुक्रवारी गाश्परने लोड आणून दिला, कॉफी प्यायला आणि रस्त्यावरच्या बर्फाविषयी बरेच बोलला. तो गेल्यावर मी मिलोयकाबाईंना बोलावले. बाई आमच्या मुख्य शिक्षिका आहेत हे तू जाणतेसच, आणि त्यांच्या नजरेची धास्तीही तुला आहे. कापड सोडले. लेस पूर्ण होती. तीस सेंटीमीटर.

मला, अज्ञ माणसाला, क्षणभर आनंदच झाला. म्हटले, "वा, पोरीने पुरी केली की!"

बाईंनी खिडकीही उघडली नाही. दारातूनच म्हणाल्या, "इथवर पोलोना, इथून पुढे दुसरं कुणीतरी. पहिली विचारत विचारत धागा ओढते. दुसरी हुकूम सोडते."

मग जवळ येऊन, चष्मा लावून, बराच वेळ पाहून म्हणाल्या, "दुसरीचा हात फार चांगला आहे." याने आपले काही भले होत नाही हे सांगायला नको.

समितीची बैठक २९ तारखेला आहे. ही लेस तिथे ठेवावीच लागेल. हे कसे झाले ते कळव. तू केले नाहीस हे मला माहीत आहे. मिलोयकाबाईंनाही माहीत आहे, त्यांना तर लेसनेच सांगितले.

तुझा,
लादोमामा


ओसोयनिक, १४ मार्च

लादोमामा,

मी कुणाला विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. गाश्परला पत्र वाचायला दिलं, तो वाचून गोठ्यात गेला आणि अंधार पडेपर्यंत आलाच नाही. घाबरून गाडीबद्दल बोलला नाही, म्हणजे त्याला आधीच माहीत होतं.

मी या अभ्यासक्रमाला नाव घातलं तेव्हा सासूबाई जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "लेस शिकवायला कागद लागतो? माझ्या आईकडे होता कागद?" आता त्यांनी त्या कागदाची व्यवस्था लावली. मी रुग्णालयात पोटावर हात ठेवून एकेक दिवस मोजत होते, आणि त्या इथे बसून माझी जागा घालवत होत्या. आणि मी तुम्हाला झ्लिक्रोफींचं कौतुक लिहिलं.

माझं नाव रद्द करा. अर्ज सोबत जोडलाय. या वेळी चौकोनाची अडचण नाही, कौटुंबिकवर खूण केलीय.

पोलोना


ओसोयनिक, १६ मार्च

लेसशाळेचे कार्यवाह लादिस्लाव पिव्क यांना,

मी फ्रान्चका गांतार, पोलोनाची सासू. मला लिहायची सवय नाही तेव्हा सरळच लिहिते.

लेस मी केली. अकरा सेंटीमीटर. ती दवाखान्यात होती तेव्हा, सकाळी कोंबड्यांचं आटोपलं की दोन दोन तास बसत होते. मुलगा म्हणाला होता, आई तिला विचार. मी म्हटलं आजारी माणसाला काय विचारायचं.

आमच्या ओसोयनिकला बाई अंथरुणाला लागली की शेजारणी वाटणी करतात. एक तिची गाय पिळते, एक तिच्या लोडावर बसते. अठ्ठावन्न साली माझा हात मोडला, तेव्हा माझी लेस तीन घरांनी मिळून पुरी केली. घेणाऱ्या व्यापाऱ्याला पत्ताही लागला नाही. बरी होऊन उठल्यावर लेस तयार बघितली तेव्हा मी रडले होते. पोलोना पण तशी रडेल असं वाटलं. रडली, पण तशी नाही.

परीक्षेची लेस वेगळी असते हे मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असेल तर मी ऐकलं नसेल. मी ऐकत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

ती म्हणत असेल मी मुद्दाम केलं. म्हणू दे. कागद कशाला लागतो असं मी बोलले होते, तिने ते लक्षात ठेवलं तर चूक तिची नाही.

आता कामाचं. धागे मी कापलेले नाहीत. ज्या बाईने धागे घातले तिनेच कापायचे, हे आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरीला कळतं. तुमच्या बाईंनाही कळत असेल. बॉबिन अजून लोंबताहेत ना? म्हणजे उसवता येतं. केलं मी, तर उसवणार पण मीच. बुधवारच्या पहिल्या बसने येते. तुमच्याकडे झोपायला जागा असेल तर बरं, नसेल तर शाळेतल्या बाकावर चालेल.

पोलोनाला कळवू नका. ती उठून बसेल.

फ्रान्चका गांतार


लेसशाळा, १८ मार्च

चि. पोलोना,

नाव रद्द करण्याचा तुझा अर्ज पावला. त्यावर शिक्का मारायला हवा, आणि शिक्का काही केल्या सापडत नाही. समितीच्या बैठकीपर्यंत तो सापडेल असे चिन्ह दिसत नाही.

तू डाव्या कुशीवर राहा. सासूबाई दोनचार दिवस बाहेरगावी गेल्या तर कुठे म्हणून विचारू नकोस.

लादोमामा


लेसशाळा, २९ मार्च

चि. पोलोनास अनेक आशीर्वाद,

आधी निकाल सांगतो, नाहीतर तू मधली पाने सोडून शेवट वाचशील. तुझी जागा पुढील फेब्रुवारीपर्यंत राखून ठेवली आहे. नियम सातवा, एकमताने. आता वाच.

त्या बुधवारी तुझ्या सासूबाई इथे अवतरल्या. एका हातात थैली, दुसऱ्या हातात आमच्यासाठी अंडी. दार उघडल्यावर प्रथम म्हणाल्या, "लोड कुठंय?" नमस्कार त्यांनी जेवताना केला.

मिलोयकाबाई त्यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसल्या. म्हणाल्या, "उसवताना मी इथेच बसणार. नियम आहे."

"बसा की. खुर्ची तुमचीच आहे."

"उसवायची सवय आहे का? चौदा बॉबिन आहेत, एकेक पीळ उलटा फिरवावा लागेल."

"माझ्या सासूने पहिलं वर्षभर माझ्याकडून तेवढंच करून घेतलं."

यावर आमच्या मिलोयकाबाई हसल्या. मी या शाळेत अठरा वर्षे आहे, त्यांचे दात मी प्रथमच पाहिले.

पोलोना, लेस होताना मी रोज पाहतो. ती माघारी जाताना कधी पाहिली नव्हती. बॉबिनचा तोच टकटक आवाज, पण उलट्या दिशेने. एकेक टाचणी निघायची आणि तिच्याबरोबर एकेक पाकळी नाहीशी व्हायची. जिथे फीत वळून स्वतःलाच जोडलेली असते तिथे त्या बारीक आकड्याने धागा इतक्या अलगद काढत, की जखमेचे टाके निघताहेत असे वाटे. गुरुवारी दुपारी मिलोयकाबाईंना राहवले नाही. म्हणाल्या, "किती सुरेख काम आहे हो. जीव तुटतो बघताना."

"तुमचा तुटतोय ना? मग मला बोलायला लावू नका. पीळ मोजायचे राहतात."

आल्माने तीनही दिवस त्यांना सूप दिले. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितले मीठ कमी आहे, दुसऱ्या दिवशी जास्त, तिसऱ्या दिवशी काहीच बोलल्या नाहीत. आल्मा ते प्रशस्तिपत्र समजून चालली आहे.

शुक्रवारी दुपारी त्या थांबल्या आणि हात मांडीवर ठेवले. बाईंनी पट्टी लावली. म्हणाल्या, "एकोणीस आणि वर तीन मिलिमीटर."

"ते तीन तिचेच आहेत. त्यांना मी हात लावणार नाही."

त्यांचे डोळे लाल झाले होते. बारीक कामाने होतात, असे त्या म्हणाल्या, आणि मी ते मान्य केले.

आज बैठकीत मी सर्व हकिकत सांगितली, काही लपवले नाही. एक सभासद म्हणाले, नियमाप्रमाणे दुसऱ्याचा हात लागलाच आहे. मिलोयकाबाईंनी लोड उचलून त्यांच्यापुढे ठेवला. "लागलेला दाखवा. जिथे दुसरा हात दिसतो तिथे बोट ठेवा." ते सद्गृहस्थ बराच वेळ वाकून पाहत होते. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि खिशात ठेवला. मत त्यांनी हात वर करून दिले.

सासूबाईंनी हे का केले ते त्यांच्या पत्रात आहे. ते पत्र सोबत पाठवतो. त्यांची परवानगी घेतलेली नाही. त्या रागावतील, पण मला त्या आता घाबरवू शकत नाहीत, मी त्यांना तीन दिवस जेवताना पाहिले आहे.

तुझा,
लादोमामा


रुग्णालय, २२ एप्रिल

ती. लादोमामा आणि मामी,

मुलगी झाली, शुक्रवारी पहाटे. दोन किलो सातशे. नाव अगाता. डॉक्टरबाई म्हणाल्या, इतकं निमूट पडून राहणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. त्यांना काय माहीत, मला घरी केवढा पहारा होता.

तुमचं पत्र आणि त्यातलं ते पत्र मी उशीखाली ठेवलं होतं. ते वाचल्यावर सासूबाईंशी काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं, पण हाक मारली तर त्या सरळ कोंबड्यांकडे गेल्या. नंतरही मी काही बोलायला गेले की त्यांना काहीतरी उतू गेल्याचा वास यायचा. असे तीन आठवडे गेले. काल दुपारी त्या इथे भेटायला आल्या, अक्रोडाचा गोड पाव, पोतित्सा, घेऊन. गाश्पर गाडी लावायला गेला होता, म्हणजे येणार नव्हता. पळायला त्यांना जागा नव्हती, तर त्यांनीच सुरुवात केली.

"सतराव्या सेंटीमीटरला चूक आहे तुझी. एक पीळ राहिलाय."

मी विचारलं, "कुठे?"

"पानाच्या देठाशी. मी लोडावर बसले त्या पहिल्याच सकाळी दिसली."

"मग दुरुस्त का नाही केलीत? पुढचं एवढं सगळं केलंत की."

"ती दुरुस्त करायला तुझं उसवावं लागलं असतं. तुझं उसवायचा मला काय अधिकार?"

"आणि पुढे अकरा सेंटीमीटर करायचा होता?"

"भर घालणं वेगळं." मग शालीचं टोक नीट करत म्हणाल्या, "म्हणजे, वेगळं वाटलं होतं."

मामा, मला हसू आलं. इतकं हसले की टाके दुखले आणि पलीकडच्या खाटेवरची बाई जागी झाली. उसवताना तीन दिवस ती चूक त्यांच्या डोळ्यांसमोर होती. मिलोयकाबाईंनाही ती दिसली असणारच. दोघी एका लोडाच्या दोन बाजूंना बसल्या, माझ्या चुकीकडे बघत, आणि एकीनेही तोंड उघडलं नाही.

मी म्हटलं, "आई, आभार मानायचेत तुमचे." नऊ वर्षांत पहिल्यांदाच आई म्हटलं. त्यांनी ते ऐकल्याचं दाखवलं नाही.

"कशाबद्दल? केल्याबद्दल की उसवल्याबद्दल?"

"चूक ठेवल्याबद्दल."

त्यांनी पोतित्साचं ताट बाजूला सरकवलं, अगाताला माझ्या हातातून घेतलं आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. गाश्पर दोनदा येऊन गेला, "आई, अंधार पडतोय, घाटात बर्फ असेल," असं दारातूनच म्हणाला. तिसऱ्यांदा आला तेव्हा कोट काढून मुकाट्याने बाकावर बसला.

तुमची,
पोलोना